पहिल्याच टेकची बाई : बार्बरा स्टॅनविक

खिडकीजवळची_सीट

गेल्या रविवारी पावसाने घरातच कोंडून घातलं होतं, म्हणून बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) तिसऱ्यांदा लावला. गोष्ट नवऱ्याच्या विम्याचे पैसे लाटण्यासाठी त्याचा काटा काढण्याची. बायको गाडी चालवते आहे, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला नवरा शेजारी बसलाय आणि मागे सीटखाली विमा एजंट दबा धरून आहे. ठरल्याप्रमाणे ती तीनदा हॉर्न वाजवते. पुढचा खून आपल्याला दिसतच नाही. शेजारी गळा आवळला जातोय त्याचे आवाज येतात आणि कॅमेरा मात्र तिच्या चेहऱ्यावर खिळलेला. ती समोर बघत राहते. दूध उतू जाऊ नये म्हणून बाई गॅसपाशी उभी असते ना, तेवढंच लक्ष. मग ओठांच्या कडेला काहीतरी हलतं. ते हसू आहे की सुटकेचा नि:श्वास, हे मला तिसऱ्यांदाही ठरवता आलं नाही.

ही बार्बरा स्टॅनविक. गार्बो, हेपबर्न, बेटी डेव्हिस ही नावं आपल्याकडे सिनेमा पाहणाऱ्यांच्या तोंडी असतात, हिचं फारसं येत नाही. म्हणून हा धागा.

मूळ नाव रूबी कॅथरिन स्टीव्हन्स. जन्म १६ जुलै १९०७, ब्रुकलिन. पाच भावंडांत शेंडेफळ. चार वर्षांची असताना आई गेली. ट्रॉलीतून उतरताना एका दारुड्याचा धक्का लागल्याचं निमित्त झालं. पुढच्या काही दिवसांतच बाप पनामा कालव्याच्या खोदकामावर निघून गेला, तो परत आलाच नाही. रूबी आणि तिचा भाऊ या घरातून त्या घरात पैसे देऊन ठेवलेली मुलं म्हणून वाढले. थोरली बहीण नाटक कंपन्यांत नाचायची, तिच्या मागे मागे फिरून रूबी विंगेतून नाच शिकली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आधी एका दुकानात पुडे बांधायचं काम, मग टेलिफोन कंपनीत आठवड्याला १४ डॉलरवर कार्डं लावायचं. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये नाचगाण्यांचे भव्य प्रयोग करणाऱ्या झिगफेल्डच्या ताफ्यात नर्तकी.

१९२६ मध्ये 'द नूस' या नाटकात तिला धड भूमिका मिळाली आणि तेव्हाच नाव बदललं. एका जुन्या नाटकाच्या हँडबिलवर नाटकाच्या नावात 'बार्बरा' होतं आणि नटीच्या नावात 'स्टॅनविक'. दोन्ही जोडली, बारसं झालं! पुढच्या वर्षीचं 'बर्लेस्क' जोरात चाललं, १९२८ मध्ये फ्रँक फे या नामांकित विनोदवीराशी लग्न झालं आणि दोघं हॉलिवूडला आले.

तिथे सुरुवात सपशेल फसली. पहिले सिनेमे पडले, स्क्रीन टेस्टमध्ये कोणाला काही दिसेना. दिग्दर्शक फ्रँक काप्राला भेटायला गेली ती वैतागूनच. दोन शब्द बोलून उठून निघाली. काप्राने तिचं नाव मनातून काढूनही टाकलं होतं. मग फेने फोन करून त्याला तिची एक जुनी टेस्ट बघायला लावली. ती पाहून काप्राच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातून 'लेडीज ऑफ लेझर' (१९३०).

आता मला जे सांगायचंय ते. काप्राच्या लक्षात आलं की ही बाई पहिल्या टेकला सगळं देऊन टाकते. दुसऱ्या टेकला तेच निम्मं होतं, तिसऱ्याला नुसते शब्द उरतात. मग त्याने काय केलं, तर बाकीच्या नटांच्या तालमी तिच्याशिवाय घ्यायच्या आणि तिच्या मोठ्या प्रसंगांना एकापेक्षा जास्त कॅमेरे लावायचे. म्हणजे लाइटमनपासून सगळ्या युनिटने एका नटीच्या पहिल्या टेकसाठी तयार राहायचं. तीही तशीच तयारीने यायची. अख्खी पटकथा पाठ, स्वतःची आणि समोरच्यांचीही वाक्यं. सेटवरच्या कामगारांची नावं, त्यांच्या पोराबाळांची चौकशी. ते तिला 'मिसी' म्हणत.

रोजंदारीवर वाढलेल्या माणसाला फुकट गेलेला दिवस परवडत नाही. मला तिच्या प्रत्येक कामात ते दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी

तीन हॉर्नचं वाचून काटा आला. यादीत टाकला. एवढी मोठी होती तर ऑस्कर किती?

फुकट_समीक्षक

@रात्रपाळी, स्पर्धेतलं एकही नाही. चार नामांकनं. 'स्टेला डलास' (१९३७) ला लुइझ रेनर आडवी आली, 'बॉल ऑफ फायर' (१९४१) ला जोन फाँटेन, 'डबल इन्डेम्निटी'ला इन्ग्रिड बर्गमन आणि 'सॉरी, राँग नंबर' (१९४८) ला जेन वायमन. बर्गमनला 'गॅसलाइट'साठी मिळालं. ते काम वाईट नाही, पण आज दोन्ही शेजारी ठेवून बघा.

कारण मला तरी व्यवहारी वाटतं. त्या काळी नटनट्या एकेका स्टुडिओच्या पगारी चाकर असत. स्टुडिओ आपल्या माणसासाठी जाहिराती करी आणि आपल्या लोकांची मतं त्याच्याकडे वळवी. स्टॅनविक बराच काळ कोणा एकाची नव्हती. आज कोलंबिया, उद्या पॅरामाउंट, परवा वॉर्नर. भूमिका स्वतः निवडायची मोकळीक मिळाली, पण पाठीशी उभं राहणारं घरचं कोणी नाही. पैशाच्या बाबतीत मात्र हा सौदा फायद्याचा ठरला. १९४४ मध्ये सरकारी नोंदीनुसार अमेरिकेत सर्वांत जास्त कमावणारी स्त्री हीच होती, चार लाख डॉलर.

त्यामुळे 'बिचारी' वगैरे म्हणू नका. तिने हिशेब नीट केला होता.

कडू_कारलं

सगळं मान्य, पण त्या 'डबल इन्डेम्निटी'तल्या पिवळ्या विगबद्दल कोणीच बोलत नाही? गणेशोत्सवातल्या नाटकात भाड्याने आणतात तसला टोप वाटतो. मला तर पहिली वीस मिनिटं दुसरं काही दिसलंच नाही.

खिडकीजवळची_सीट

@कडू_कारलं, हा हा. तुम्ही एकटे नाही. पॅरामाउंटचे साहेब बडी डिसिल्वा यांनीही पाहिल्या पाहिल्या कुरकुर केली होती की पैसे बार्बरा स्टॅनविकचे मोजले आणि पडद्यावर आला जॉर्ज वॉशिंग्टन.

पण तो टोप त्या बाईला शोभतो असं माझं मत. पायातली साखळी, घट्ट स्वेटर, तो टोप, सगळं थोडं बाजारू. ती खरी कुठेच नाही, मग केस तरी खरे कशाला हवेत? भूमिका घ्यायला ती स्वतः बिचकली होती. इतकी थंड डोक्याची खुनी बाई तिने तोवर केली नव्हती. वाइल्डरने तिला सरळ विचारलं, तू उंदीर आहेस की नटी? झालं, घेतली भूमिका.

चकलीची_भाजणी

खून-बिन राहू द्या. मी तिची भक्त झाले ती 'द लेडी ईव्ह' (१९४१) बघून. प्रेस्टन स्टर्जेसचा. ती पत्त्यांत लोकांना गंडवणारी, बापही त्याच धंद्यातला. बोटीवर हेन्री फोंडा, करोडपतीचा साधाभोळा मुलगा, सापांचा अभ्यासक. डायनिंग हॉलमधल्या सगळ्या मुली त्याच्यावर टपलेल्या आणि तो आपला पुस्तकात डोकं घालून.

आता बघा हं. ही त्याच्याकडे पाठ करून बसलीय. पावडरच्या डबीचा आरसा उघडते आणि त्यातून मागचा सगळा तमाशा बघत बापाला धावतं वर्णन ऐकवते. ही आली, हिने रुमाल पाडला, त्याचं लक्षच नाही, आता ती दुसरी उठली, अगं बाई, परत बस. त्या मुलींच्या मनातली वाक्यंसुद्धा हीच म्हणते. आरशातली चित्रं एकीकडे आणि तिचा आवाज दुसरीकडे, हिचा चेहरा तर बराच वेळ दिसतही नाही. आमच्या चाळीत गॅलरीत उभं राहून खालच्या येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारणाऱ्या एक काकू होत्या, हुबेहूब तो सूर! आणि मग तो शेजारून जायला लागला की शांतपणे पाय पुढे. फोंडा भुईसपाट. वर त्यालाच ओरडते की माझी टाच मोडलीस.

शिवाय ईडिथ हेडने शिवलेले कपडे. तोवर स्टॅनविकला कोणी नटवी म्हणत नव्हतं, कंबर जरा खाली होती म्हणे. हेडने पट्टे आणि शिवण अशी काही बसवली की बोलायची सोय नाही. पुढे कितीतरी सिनेमांत ही जोडी टिकली.

पोटभाडेकरू

तुमच्या काकूंना नमस्कार.

काप्राचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक धागा जोडतो. 'मैं आझाद हूँ' (१९८९) कोणाला आठवतो? टिनू आनंदचा, पटकथा जावेद अख्तरांची. अमिताभ आणि शबाना. तो काप्राच्या 'मीट जॉन डो' (१९४१) वरून घेतलेला आणि शबानाची पत्रकार म्हणजे मूळची स्टॅनविक.

मूळ सिनेमाची सुरुवातच बघण्यासारखी आहे. वर्तमानपत्राच्या इमारतीवर दगडात कोरलंय की मुक्त वृत्तपत्र म्हणजे मुक्त जनता आणि कामगार ड्रिल लावून ती अक्षरं उडवतोय. नवा मालक आलाय. आत कर्मचाऱ्यांना नारळ मिळतोय, त्यात हीसुद्धा. आई आणि बहिणींचं घर हिच्या पगारावर चालतं. शेवटचा स्तंभ म्हणून ती रागाच्या भरात एक खोटं पत्र ठोकून देते: व्यवस्थेला कंटाळलेला एक इसम ख्रिसमसच्या आदल्या रात्री सिटी हॉलवरून उडी मारणार. शहर हादरतं आणि मग तो इसम कुठून तरी पैदा करावा लागतो (गॅरी कूपर).

ते पत्र टाइप करतानाचे तिचे हात बघा. राग टाइपरायटरवर काढणं म्हणजे काय ते कळतं. कूपर मुख्य, पोस्टरवर मोठा तोच, पण गाडी ओढते ती ही. शेवट कसा करायचा ते काप्राला ठरेना, वेगवेगळे शेवट चित्रित करून झाले. आपल्याकडच्यांनी ती भानगड ठेवली नाही, आझाद खरंच उडी मारतो. मला आपला शेवट जास्त पटतो. दगड मारू नयेत.

कडू_कारलं

पटला. दगड ठेवून दिला.

जुनी_रिळं

'बेबी फेस' (१९३३) राहिला की! बापाच्या गुत्त्यात गिऱ्हाइकांपुढे वाढलेली लिली न्यूयॉर्कला येते आणि एका बँकेत पुरुषांच्या खांद्यांवरून मजला-मजला वर चढते. दिग्दर्शकाची युक्ती मजेशीर आहे: एकेक साहेब गटवला की कॅमेरा इमारतीच्या बाहेरून पुढच्या मजल्याच्या खिडकीवर सरकतो. फाइलिंग, मग गहाणखातं, मग हिशेबखातं. बढतीचा तक्ताच.

सेन्सॉरने तो कापला, संवाद बदलायला लावले, शेवटाला उपदेश चिकटवला. सत्तर वर्षं लोकांनी तीच आवृत्ती पाहिली. २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात न कापलेली मूळ निगेटिव्ह सापडली. दोन्हींतला फरक सांगतो. एक म्हातारा चांभार लिलीला नीत्शे वाचून दाखवतो. मूळ आवृत्तीत तो सांगतो, पुरुष तुला वापरतात, तू त्यांना वापर. कापलेल्या आवृत्तीत त्याच तोंडून सन्मार्गाची शिकवण! ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. आपल्याकडे टीव्हीवर शिवी म्यूट करतात त्याचा आजोबा.

आणखी एक. लिलीची मैत्रीण चिको, थेरेसा हॅरिस या कृष्णवर्णीय नटीने केलेली. कागदावर मोलकरीण, पण लिली तिला कुठेही सोडत नाही. मालगाडीत लपून येतानाही ती बरोबर आणि फरकोट आल्यावरही बरोबर. १९३३ च्या हॉलिवूडमध्ये हे सहज दिसत नाही.

तात्पुरता_आयडी

आरती चाललीय ती चालू द्या, पण बाईंचं राजकारणही लिहा. ती आणि दुसरा नवरा रॉबर्ट टेलर, दोघंही कट्टर उजवे. हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांविरुद्धच्या आघाडीत सामील. टेलरने १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या त्या कुप्रसिद्ध कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे जाऊन सहकाऱ्यांची नावं घेतली. त्या सगळ्या प्रकारात कित्येकांची कामं गेली. आणि तो दत्तक मुलगा? पहिल्या लग्नात घेतला, पुढे वसतिगृहांत ठेवला आणि मोठा झाल्यावर संबंध जवळपास तुटलेच. स्वतः परक्या घरांत वाढलेली बाई.

खिडकीजवळची_सीट

बरोबर आहे, टाळायला नको होतं. मुलाची गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. सेटवर लाइटमनच्या मुलांची नावं पाठ आणि घरी हे. याचा मेळ मला घालता येत नाही. घालायचा प्रयत्नही करत नाही.

ट्रेंटन_लोकल

न्यू जर्सीहून. इथे आमच्या हापिसात निवृत्तीला आलेली एक बाई आहे, तिला 'डबल इन्डेम्निटी' माहीतच नाही. तिच्या लेखी स्टॅनविक म्हणजे व्हिक्टोरिया बार्कली, 'द बिग व्हॅली'मधली. एबीसी वाहिनीवर १९६५ ते ६९, ११२ भाग. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या रँचची मालकीण, विधवा, मुलं कर्ती. पांढरे केस रंगवायच्या भानगडीत न पडता घोड्यावर बसायची, बंदूक चालवायची. श्रेयनामावलीत 'मिस बार्बरा स्टॅनविक', तो 'मिस' न चुकता. ली मेजर्स आणि लिंडा इव्हान्स तिथूनच पुढे आले.

टीव्हीने तिला जे दिलं ते सिनेमाने नाही दिलं. तीन एमी, म्हणजे टीव्हीचे ऑस्करच! पहिली 'द बार्बरा स्टॅनविक शो'साठी १९६१ मध्ये आणि गंमत म्हणजे ती मालिका एका हंगामातच बंद झाली. दुसरी 'बिग व्हॅली'साठी. तिसरी 'द थॉर्न बर्ड्स' (१९८३), पंचाहत्तरी गाठलेली असताना. तरुण पाद्र्यावर जीव जडलेली म्हातारी जमीनदारीण. पारितोषिक घ्यायला गेली तर स्वतःबद्दल कमी आणि स्पर्धेत हरलेल्या अ‍ॅन-मार्गरेटच्या कामाबद्दल जास्त बोलली.

घोड्याचं निघालंय तर 'फॉर्टी गन्स' (१९५७) बघा. रिकिबीत पाय अडकून घोडा फरफटत नेतो तो प्रसंग. स्टंट करणाऱ्यांनी धोका बघून नाही म्हटलं, तर एकोणपन्नास वर्षांच्या बाईंनी स्वतः केला. आणि तो एका टेकमध्ये नाही झाला हं! पुन्हा पुन्हा फरफटली.

रात्रपाळी

म्हणजे पहिल्या टेकची बाई घोड्यापुढे हरली.

फुकट_समीक्षक

ऑस्करचं अर्धवट सोडलं होतं, पुरं करतो.

१९३९ चा 'गोल्डन बॉय'. विल्यम होल्डन एकवीस वर्षांचा, पहिलीच मोठी भूमिका, पार गळपटलेला. स्टुडिओ त्याला काढणार होता. स्टॅनविक मध्ये पडली, त्याला ठेवायला लावलं आणि रोज चित्रीकरण संपलं की आपल्या खोलीत त्याच्याकडून दुसऱ्या दिवशीचे प्रवेश घोटून घेऊ लागली. तो तरला. पुढे दर वर्षी त्या चित्रीकरणाच्या वाढदिवसाला तो तिला फुलं पाठवायचा.

१९७८ च्या ऑस्कर सोहळ्यात दोघं ध्वनीचं पारितोषिक द्यायला मंचावर आले. होल्डनने ठरलेला मजकूर बाजूला ठेवला आणि लोकांना सांगितलं की एकोणचाळीस वर्षांपूर्वी या बाईने सांभाळलं नसतं तर मी आज इथे नसतो. तिला कल्पनाच नव्हती. चित्रफीत बघा, तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते. पहिलाच टेक, तोही न ठरवलेला.

नोव्हेंबर १९८१ मध्ये होल्डन घरात पडून गेला. मार्च १९८२ मध्ये तिला मानद ऑस्कर मिळालं. लाल पोशाखात आली, सगळ्या तंत्रज्ञांचे आभार मानले, स्टंटवाल्यांचेसुद्धा. आणि शेवटी बाहुली उंचावून त्याला म्हणाली, माझ्या गोल्डन बॉय, आज तुझी इच्छा पुरी झाली.

ट्रेंटन_लोकल

हे वाचून ट्रेनमध्ये डोळे पुसतोय. शेजारचा बघतोय.

तिठ्यावरचा_दिवा

वाचनमात्र असतो, पण यावर लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसहून मॅमथला जाताना ३९५ नंबरच्या रस्त्यावर लोन पाइनला थांबलो. एका बाजूला १४,५०५ फुटी माउंट व्हिटनी आणि त्याच्या पायथ्याशी अलाबामा हिल्स. तांबूस, गोलसर धोंड्यांचे ढीगच्या ढीग, कोणी पोत्यातून बटाटे ओतावेत तसे. जुने वेस्टर्न निम्मे तिथलेच. १९३९ च्या 'गंगा दिन'मधली आपली वायव्य सरहद्दही तिथलीच, म्हणजे खैबर खिंड कॅलिफोर्नियात!

तिथल्या पाश्चिमात्य चित्रपटांच्या संग्रहालयात कळलं की स्टॅनविकची रक्षा याच भागात विखुरली. २० जानेवारी १९९० ला सांता मोनिकात गेली, ब्याऐंशी वर्षांची. जन्मभर सिगारेट ओढून फुप्फुसं गेलेली, त्यात हृदय थकलेलं. थडगं, दगड, पाटी काही नाही. बायको म्हणाली, मग नमस्कार कुठे करायचा? मी म्हटलं, कुठल्याही धोंड्याला कर.

सुपारी_फुटली

मराठी संकेतस्थळावर या गोऱ्या बाईवर एवढी चर्चा? असो. सुरुवात कुठून करू?

चकलीची_भाजणी

'लेडी ईव्ह'. आणि 'असो' मागे घ्या.

खिडकीजवळची_सीट

@सुपारी_फुटली, भाजणीताईंचं ऐका. रडायची तयारी असेल तर 'स्टेला डलास'. किंग व्हिडोरचा. गिरणी कामगाराची मुलगी, भडक कपडे, मोठ्याने हसणारी. आपल्यामुळे लेकीचं चांगल्या घरात जमणार नाही हे कळल्यावर ती मुद्दाम वाईट वागून लेकीला श्रीमंत बापाकडे आणि त्याच्या दुसऱ्या बायकोकडे ढकलते. शेवटी लेकीचं लग्न. ही बाहेर रस्त्यावर पावसात, लोखंडी गजांपाशी गर्दीत उभी राहून खिडकीतून बघतेय. पोलीस गर्दी हटवायला येतो, ही गयावया करते की एकदा तिचा चेहरा बघू दे. रुमालाचं टोक दातांत. लग्न लागतं आणि मग ती वळून कॅमेऱ्याकडे चालत येते, भिजलेली, हसत.

काल आईबरोबर पाहिला. आईला इंग्रजी संवाद निम्मेच कळतात. रुमालाच्या ठिकाणी ती म्हणाली, "पदर नाही ना, म्हणून रुमाल." मी मान डोलावली. संपल्यावर चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "खिडकीचा पडदा त्या दुसरीने मुद्दाम उघडा ठेवायला लावला, बघितलंस का?"

मी हा सिनेमा चौथ्यांदा बघत होते. उठून पुन्हा मागे नेऊन पाहिलं. आहे, नोकराला तसं सांगते ती. अर्धा मिनिटसुद्धा नाही.